डमी प्रिंटर वारंवार का अडतो? लिनक्सवरील छपाईच्या रांगेची क्रमवार तपासणी

ज्या सर्व्हरला छपाईयंत्र जोडलेलेच नाही, त्यालाही पुष्कळदा एक प्रिंटर दाखवावा लागतो. हिशेबाचे एखादे जुने सॉफ्टवेअर व्हाउचर जतन करता करताच छपाईची कमांड सोडते आणि ती नाकारली गेली की व्हाउचरही जतन होऊ देत नाही. जावात लिहिलेले काही प्रोग्राम यंत्रावर एकही प्रिंटर सापडला नाही, तर छपाईची खिडकी उघडण्याऐवजी त्रुटी दाखवून थांबतात. अशा वेळी जो प्रिंटर आलेले काम स्वीकारतो, ‘झाले’ म्हणतो आणि मजकूर शून्यात टाकून देतो, त्याला आपण डमी प्रिंटर म्हणतो. पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब आणि लहान गोदामे यांच्या चाचणी सर्व्हरवर असे प्रिंटर मी बरेच उभे केले आहेत आणि त्याहून जास्त वेळा दुरुस्त केले आहेत. पुढील तपासणी कप्स या छपाई प्रणालीसाठी आहे, कारण बहुतेक लिनक्स वितरणांत आणि २००२ पासून मॅकवरही तीच चालते. कमांड येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टंकाव्यात. मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे.

लक्षणे

तक्रार बहुधा ‘प्रिंटर चालत नाही’ एवढ्याच शब्दांत येते. पण तिच्यामागे वेगवेगळी लक्षणे असतात आणि प्रत्येकाचे मूळ निराळे असते.

पहिले लक्षण म्हणजे प्रिंटर मुळीच दिसत नाही. ‘एलपीस्टॅट’ कमांड ‘नो डेस्टिनेशन्स अ‍ॅडेड’ असे सांगते, किंवा ‘एलपी’ कमांड मूळ (डीफॉल्ट) प्रिंटर ठरलेला नसल्याची तक्रार करते. दुसऱ्या प्रकारात प्रिंटर दिसतो, पण जॉब (छपाईसाठी पाठवलेली कामे) साठत जातात आणि रांगेतला आकडा फक्त वाढतो. तिसऱ्या प्रकारात रांग तयार करतानाच ‘फॉरबिडन’ असा नकार येतो, किंवा फाइल प्रकारचे पत्ते बंद केलेले आहेत असा संदेश दिसतो. चौथ्या प्रकारात जॉब रांगेत शिरतो, पण ‘फिल्टर फेल्ड’ हा शेरा घेऊन मध्येच मरतो. पाचवे लक्षण सर्वांत महागडे आहे: सगळे सुरळीत दिसते, फक्त कागद शेजारच्या खोलीतल्या खऱ्या प्रिंटरमधून बाहेर पडतो. सहाव्यात प्रिंटरची कोणाचीच तक्रार नसते, मात्र सर्व्हरची डिस्क भरत जाते.

एक गोष्ट लक्षणांत धरू नये. रांग तयार करताना ‘रॉ क्यू’ (ड्रायव्हर नसलेली रांग) किंवा प्रिंटर ड्रायव्हर कालबाह्य ठरवले आहेत आणि पुढील आवृत्तीत चालणार नाहीत, असा इशारा हल्लीच्या आवृत्त्या देतात. तो इशाराच असतो, रांग तयार झालेली असते. हा इशारा वाचून घाबरलेल्या माणसाने तीच कमांड पाच वेगवेगळ्या नावांनी चालवून पाच डमी उभे केलेले मी पाहिले आहेत.

सेवा जागी आहे का

सुरुवात फुकटच्या तपासणीने करावी. ‘एलपीस्टॅट -आर’ ही कमांड छपाईची सेवा चालू आहे की नाही, एवढेच सांगते. सेवा बंद असेल तर पुढचे सगळे निष्कर्ष चुकतात, म्हणून हा क्रम टाळू नये. ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस कप्स’ या कमांडला ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ असे उत्तर आले, तरी लगेच घाबरू नये. काही वितरणांत सेवा मागणी आल्यावरच जागी होते आणि तोवर तिचे सॉकेट तेवढे ऐकत बसलेले असते. ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर त्याच यंत्राच्या ब्राउझरमधून कप्सचे पान उघडते का, हेही पाहावे. ते उघडले नाही तरी तेवढ्यावरून सेवा मेली असे म्हणता येत नाही, कारण वेबपान स्वतंत्रपणे बंद ठेवता येते.

कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, काम करणाऱ्यांनी येथेच थांबून स्वतःला एक प्रश्न विचारावा. कंटेनर नव्याने बांधला गेला का? प्रिंटरची नोंद ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘कप्स’ फोल्डरात असते. तो फोल्डर बाहेर जपून ठेवलेला नसेल, तर प्रत्येक नव्या बांधणीत डमी पुसला जातो. ‘दर महिन्याला प्रिंटर गायब होतो’ अशा एका तक्रारीचे कारण एवढेच निघाले होते आणि ते सापडेपर्यंत तीन जणांनी तीन वेळा तोच प्रिंटर नव्याने बसवला होता.

दोन दरवाजे, दोन कुलपे

माझ्याकडे आलेल्या तक्रारींतील सर्वांत मोठा वाटा येथे सुटतो, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

कप्समध्ये प्रत्येक रांगेच्या दोन स्वतंत्र अवस्था असतात. रांग नवे जॉब आत घेते का, ही एक अवस्था. आणि आत आलेले जॉब पुढे सरकवते का, ही दुसरी. बँकेतील खिडकीची कल्पना करावी. रखवालदार दारातून माणसे आत सोडत असतो, पण खिडकीमागचा कारकून जेवायला गेलेला असतो. तेव्हा गर्दी वाढते आणि काम होत नाही. उलट कारकून बसलेला असतो, पण दार लावलेले असते. तेव्हा बाहेरच्याला सरळ नकार मिळतो. ‘एलपीस्टॅट -ए’ दाराची स्थिती सांगते आणि ‘एलपीस्टॅट -पी’ खिडकीची. दुसऱ्या कमांडच्या उत्तरात ‘आयडल’ व ‘एनेबल्ड’ हे शब्द दिसले तर ठीक आहे. ‘डिसेबल्ड सिन्स’ असे दिसले तर त्यापुढची तारीख आणि खालच्या ओळीतले कारण दोन्ही लिहून घ्यावे. ती तारीख बहुधा सांगून जाते की त्या दिवशी कोणीतरी कशाला तरी हात लावला होता.

खिडकी उघडण्यासाठी ‘कप्सएनेबल डमी’ आणि दार उघडण्यासाठी ‘कप्सअ‍ॅक्सेप्ट डमी’ चालवावे, ‘डमी’ हे येथे रांगेचे नाव आहे. परंतु त्यापूर्वी ‘एलपीस्टॅट -ओ’ ने साठलेले जॉब पाहावेत. रांग खरोखर शून्याकडे जात असेल तर ते वाहून गेले तरी बिघडत नाही. पण मध्यंतरी कोणी तिचा पत्ता बदलून ती खऱ्या यंत्राकडे वळवली असेल, तर सहा महिन्यांच्या पावत्या एकदम छापल्या जातील. शंका असल्यास ‘कॅन्सल -ए डमी’ ने रांग आधी रिकामी करावी.

मुळात रांग बंद का जन्मते? मोठ्या ‘ई’ मुळे. ‘एलपीअ‍ॅडमिन’ कमांडमध्ये मोठ्या ‘ई’ चे जागेनुसार दोन अर्थ होतात. रांगेच्या नावाआधी तो आला तर सर्व्हरशी सांकेतिक (एन्क्रिप्टेड) जोडणी करा असा अर्थ होतो; नावानंतर आला तर रांग सुरू करा आणि जॉब स्वीकारा असा. म्हणून ‘एलपीअ‍ॅडमिन -ई -पी डमी’ असे लिहिणाऱ्याची रांग तयार होते, पण बंद अवस्थेत. ‘एलपीअ‍ॅडमिन -पी डमी -ई’ हाच योग्य क्रम आहे. कमांड तक्रार करत नसल्यामुळे ही चूक डोळ्यांना दिसत नाही, आणि एकदा बसवणीच्या स्क्रिप्टमध्ये शिरली की प्रत्येक नव्या सर्व्हरवर तिचा पुनर्जन्म होतो. दुरुस्ती स्क्रिप्टमध्ये करावी. टर्मिनलवर रांग उघडून दिली की आजचे काम भागते आणि पुढच्या सर्व्हरचे अडते.

जी रांग थेट शून्याकडे जाते ती, माझ्या अनुभवात, आपणहून क्वचितच बंद पडते. चालू असलेली रांग अधूनमधून बंद होत असेल, तर तिच्या मागे पीडीएफ बनवणारा किंवा नेटवर्कवर पाठवणारा बॅकएंड (मजकूर शेवटच्या ठिकाणी पोहोचवणारा प्रोग्राम) आहे का, हे पाहावे. बॅकएंड चुकला की पुष्कळ ठिकाणी मूळ धोरण ‘प्रिंटर थांबवा’ असे असते. चाचणीच्या यंत्रावर ते धोरण ‘जॉब सोडून द्या’ असे बदलता येते. ‘एलपीअ‍ॅडमिन -पी डमी -ओ’ यापुढे ‘प्रिंटर-एरर-पॉलिसी’ ची किंमत ‘अ‍ॅबॉर्ट-जॉब’ द्यावी. खऱ्या कामाच्या सर्व्हरवर मात्र असे करू नये, कारण तिथे थांबलेला प्रिंटर हीच पहिली सूचना असते.

जॉब नक्की कोणाकडे गेला

मूळ प्रिंटर कोणता, या प्रश्नाला एकच उत्तर नसते. ‘एलपीअ‍ॅडमिन -डी’ ने ठरवलेला प्रिंटर सगळ्या यंत्रासाठी असतो. ‘एलपीऑप्शन्स -डी’ सामान्य वापरकर्त्याने चालवली तर ती त्याच्या स्वतःच्या घरफोल्डरात नोंद करते आणि ती नोंद त्याच्यापुरती वरचढ ठरते. त्याहून वरचढ असतात ‘एलपीडेस्ट’ आणि ‘प्रिंटर’ ही मोठ्या अक्षरांत लिहायची दोन पर्यावरण चले, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना वाचतो ती सेटिंग. म्हणून प्रशासक म्हणून लॉगिन करून तपासले तर सगळे बरोबर दिसते आणि ज्या खात्यावर सॉफ्टवेअर चालते तिथे ते चुकीचे असते. तपासणी नेहमी त्याच खात्यात शिरून ‘एलपीस्टॅट -डी’ ने करावी.

एका पतसंस्थेत संध्याकाळी साडेसहाला मी चाचणीचा तेरीज अहवाल डमीकडे पाठवला. पडद्यावर जॉब क्रमांक आला, मी निश्चिंतपणे पुढच्या कामाला लागलो, आणि शेजारच्या खोलीत डॉट मॅट्रिक्स सुरू झाल्याचा तो ओळखीचा करकराट कानावर आला. जाऊन पाहतो तर १३२ स्तंभांचा सलग कागद टेबलामागे घड्या घालत पडला होता आणि शिपाई तो गोळा करत होता. त्या खात्याच्या घरफोल्डरात कोणीतरी कधीतरी ‘एलपीऑप्शन्स’ चालवून ठेवली होती. तेव्हापासून चाचणीच्या पहिल्या जॉबमध्ये मी मूळ प्रिंटरवर विसंबत नाही. ‘एलपी -डी डमी’ किंवा मोठा ‘पी’ घेऊन ‘एलपीआर -पी डमी’ असे नाव घेऊनच पाठवतो आणि लगेच ‘एलपीस्टॅट’ ला मोठ्या ‘डब्ल्यू’ चा पर्याय व ‘कम्प्लीटेड’ हा शब्द देऊन पूर्ण झालेल्या जॉबच्या यादीत त्याचा क्रमांक शोधतो.

नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधून रांगा तयार करणारी ‘कप्स-ब्राउझ्ड’ ही सेवा डमी प्रिंटरला लागत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात तिच्यातील गंभीर सुरक्षा त्रुटी उघड झाल्या होत्या. चाचणी सर्व्हरवर मी ती बंदच ठेवतो, म्हणजे अनोळखी प्रिंटर यादीत उगवत नाहीत.

पत्ता, परवानगी आणि ड्रायव्हर

‘एलपीस्टॅट -व्ही’ रांगेचा पत्ता दाखवते. डमीसाठी तो ‘फाइल:///डेव्ह/नल’ असा, तीन तिरप्या रेघांचा असावा. ‘डेव्ह’ फोल्डरातील ‘नल’ हे नावापुरते यंत्र लिहिलेले सगळे गिळते आणि वाचायला गेल्यास काहीच देत नाही, म्हणून ते येथे वापरले जाते. दुसऱ्या कोणत्याही फाइलचा पत्ता दिला तर कप्स मुळात नकार देते, कारण ‘कप्स-फाइल्स’ नावाच्या कॉन्फ (सेटिंगच्या) फाइलमधील ‘फाइलडिव्हाइस’ हा पर्याय सुरुवातीला ‘नो’ असतो. शून्याचा पत्ता मात्र या बंदीतून नेहमीच वगळलेला आहे. तेव्हा डमी चालवण्यासाठी ‘फाइलडिव्हाइस यस’ करावे लागते असे कोणी सांगितले, तर ऐकू नये. त्याने सर्व्हरवरच्या फाइलींवर छपाईचा मजकूर लिहिण्याची वाट मोकळी होते आणि मिळत काहीच नाही.

‘फॉरबिडन’ हा नकार पत्त्यामुळे सहसा येत नाही, तो अधिकाराचा प्रश्न असतो. डेबियन आणि उबुंटूवर वापरकर्ता ‘एलपीअ‍ॅडमिन’ याच नावाच्या गटात असावा लागतो, आणि गटात घातल्यानंतर त्याने एकदा लॉगआउट करून परत यावे लागते. ही दुसरी पायरी विसरून लोक तासभर डोके खाजवतात. रांगेच्या नावात मोकळी जागा, तिरपी रेघ किंवा हॅश चिन्ह चालत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आता ड्रायव्हर. कप्सच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट म्हटले आहे की फाइल प्रकारची यंत्रे ‘रॉ’ रांगेसोबत वापरता येत नाहीत, त्यांना पीपीडी (प्रिंटरचे वर्णन देणारी ड्रायव्हर फाइल) लागते. त्यामुळे ड्रायव्हर न देता उभी केलेली रांग कुठे चालताना दिसली, तरी तिच्यावर विसंबू नये. ‘एलपीइन्फो -एम’ ड्रायव्हरची लांबलचक यादी देते. तीत ‘सॅम्पल’ या संग्रहातला ‘जेनेरिक पोस्टस्क्रिप्ट’ शोधावा आणि त्याची ओळ जशीच्या तशी ‘एलपीअ‍ॅडमिन’ च्या ‘-एम’ पर्यायापुढे चिकटवावी. त्याच संग्रहात एप्सनचे ९ आणि २४ पिनांचे ड्रायव्हरही असतात. पासबुक किंवा सलग कागदाचे सॉफ्टवेअर तपासायचे असेल तर तेच घ्यावेत, म्हणजे कागदाचे आकार खऱ्या यंत्राच्या जवळपास दिसतात.

ड्रायव्हर असलेल्या रांगेत मजकूर शेवटी फेकून दिला जाणार असला, तरी त्याचे रूपांतर आधी होतेच. म्हणून ‘फिल्टर फेल्ड’ हा शेरा डमीवरही येतो. बहुधा हे रूपांतर करणारे ‘घोस्टस्क्रिप्ट’ किंवा ‘कप्स-फिल्टर्स’ हे पॅकेज बसवलेले नसते. छोट्या कंटेनरांत तर हे हमखास घडते. पॅकेज मिळवून पुन्हा एक पानाचा जॉब पाठवावा.

टेक्स्ट एडिटर उघडून हाताने ‘प्रिंटर्स’ ही कॉन्फ फाइल दुरुस्त करण्याचा मोह आवरावा. सेवा चालू असताना केलेला बदल ती आपल्याजवळच्या नोंदीने केव्हाही झाकून टाकते आणि बिघाड ‘परत आला’ असे वाटते.

फेकलेला मजकूर लगेच जात नाही

डमीला पाठवलेले सगळे त्याच क्षणी नाहीसे होते, हा समज चुकीचा आहे. छपाई पूर्ण झाल्यावरही कप्स जॉबचा मजकूर ‘व्हार’ मधील ‘स्पूल’ फोल्डरात ठेवून देते. मुळात ही मुदत ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस असते. रात्रीच्या फेरीत हजारो अहवाल डमीकडे सोडणाऱ्या सर्व्हरवर डिस्क का भरते, याचे उत्तर येथे आहे. त्याहून महत्त्वाचे असे की त्या मजकुरात खातेदारांची नावे आणि शिल्लक रकमा असतात. ‘प्रिझर्व्हजॉबफाइल्स’ हा पर्याय मुख्य कॉन्फ फाइलमध्ये ‘नो’ करावा आणि आधीचे साठलेले जॉब ‘कॅन्सल’ ला ‘-ए’ व ‘-एक्स’ हे पर्याय देऊन पुसावेत.

नोंदवही, आणि पीडीएफचा पर्याय

इतके करूनही कारण सापडले नाही तर ‘कप्ससीटीएल --डीबग-लॉगिंग’ चालवावे, एकच लहान जॉब पाठवावा आणि ‘व्हार’ मधील ‘लॉग’, त्यातील ‘कप्स’ येथील ‘एरर_लॉग’ त्या जॉबच्या क्रमांकाने चाळावा. काम झाल्यावर ‘--नो-डीबग-लॉगिंग’ ने ते बंद करावे, नाहीतर हीच नोंदवही पुढे डिस्क भरू शकते.

काहींना मजकूर नाहीसा व्हायला नको असतो, पाहायचा असतो. त्यांनी डमीऐवजी ‘कप्स-पीडीएफ’ घ्यावे. त्याचा बॅकएंड रूट (सर्वाधिकारी खाते) म्हणून चालावा लागतो आणि कप्स हे बॅकएंडच्या फाइलच्या परवानग्यांवरून ठरवते: इतरांना वाचण्याचा व चालवण्याचा अधिकार असेल तर तो साध्या खात्याने चालतो आणि वापरकर्त्याच्या फोल्डरात फाइल ठेवू शकत नाही. परवानगी ७०० (फक्त मालकालाच सर्व अधिकार) आणि मालक रूट असावा. उबुंटूवर ठेवण्याची जागा ‘पीडीएफ’ या फोल्डरातून दुसरीकडे हलवली की ‘अ‍ॅपआर्मर’ ही सुरक्षेची प्रणाली आडवी येते. जॉब पूर्ण दिसतो आणि फाइल कुठेच नसते. २.३ आणि त्यापुढील कप्समध्ये ‘आयपीपीईव्हीईप्रिंटर’ नावाचा नकली प्रिंटर मिळतो. ड्रायव्हरांचे दिवस सरत आले आहेत, म्हणून नवी बांधणी करणाऱ्याने तो पर्याय आताच पाहून ठेवावा.

येथे हात थांबवावेत

‘एलएस -एल /डेव्ह/नल’ चालवून पाहावे. ओळीची सुरुवात ‘सी’ अक्षराने व्हायला हवी आणि लिनक्सवर त्याच ओळीत १ व ३ हे आकडे दिसायला हवेत. सुरुवातीला साधी रेघ दिसली, तर कोणीतरी रूट म्हणून काम करताना ते यंत्र पुसून त्या जागी साधी फाइल तयार केली आहे. असे झाले की प्रश्न प्रिंटरपुरता राहत नाही. निम्मी प्रणाली त्या यंत्रावर विसंबून असते. ते यंत्र नव्याने घडवता येते, पण चालू सर्व्हरवर हे काम प्रशासकावर सोपवावे.

सुरक्षेची प्रणाली, मग ती ‘अ‍ॅपआर्मर’ असो वा ‘एसईलिनक्स’, बंद केल्यावरच प्रिंटर चालतो असे दिसले, तर ती पूर्ववत चालू करून जाणकाराला बोलवावे. डिस्क केवळ वाचनापुरती उरली असेल, किंवा सेवा पुन्हा पुन्हा कोसळत असेल, तरीही तेच करावे.

आणि सॉफ्टवेअर पैशाचे असेल, तर रांग सुरू करण्यापूर्वीच ते बनवणाऱ्याला विचारावे. डमी प्रिंटर प्रत्येक जॉबला ‘पूर्ण’ म्हणतो. पुष्कळ प्रोग्राम त्या होकारावर पावती ‘छापली’ अशी खूण करतात आणि पासबुकातील ओळ पुढे सरकवतात. ती खूण मागे घेणे हे छपाई जाणणाऱ्याचे काम नाही. मदत मागताना ‘एलपीस्टॅट -टी’ चे पूर्ण उत्तर आणि त्या एका जॉबची नोंद सोबत द्यावी, आणि येणारा माणूस पोहोचेपर्यंत कप्स काढून नव्याने बसवू नये. त्याला जे पाहायचे असते ते त्याच नोंदवहीत असते.